वाटेवरची तार



मराठीतील ‘टिपणे’ हे क्रियापद मोठे बहुरूपी आहे. चिमणी अंगणातले दाणे टिपते, शिकारी सावज टिपतो, पेढीवरचा मुनीम दिवसाचा व्यवहार टिपून ठेवतो आणि छायाचित्रकार क्षण टिपतो. शब्द एकच, परंतु टिपल्यानंतर जे टिपले गेले त्याचे काय होते, यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. दाणा पोटात जातो, सावज प्राणाला मुकते आणि छायाचित्रात आलेला जीव, सारे नीट घडले तर, जसा होता तसा आपल्या वाटेने निघून जातो. शहरे आणि निसर्ग टिपणाऱ्या छायाचित्रकारांचे कार्य पाहताना हाच प्रश्न कसोटी म्हणून हाती घ्यावा असे मला वाटते.

व्यापारी कुळात जन्मून वेगळ्या वाटेने गेलेल्या माणसांविषयी आपण या स्तंभात बोलत असतो. आजचे पहिले नाव त्याच मालिकेतले आहे. लाला दीनदयाळ यांचा जन्म १८४४ मध्ये मेरठजवळील सरधना येथे, जवाहिऱ्याचा व्यवसाय करणाऱ्या जैन कुटुंबात झाला. जवाहिऱ्याच्या घरात पारख हीच खरी पुंजी. खडा प्रकाशाकडे धरून त्याचे पाणी ओळखण्याची ती नजर दीनदयाळांनी रत्नांऐवजी दगडी शिल्पांकडे, नगरांकडे आणि माणसांच्या चेहऱ्यांकडे वळवली. रुरकीच्या थॉमसन अभियांत्रिकी महाविद्यालयात शिक्षण घेऊन १८६६ मध्ये ते इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात रुजू झाले. आराखडे काढणे आणि खर्चाचे अंदाज बांधणे हे त्यांचे काम. छायाचित्रणाचा नाद त्यांना तिथेच जडला. होळकरांचे तुकोजीराव दुसरे आणि मध्य भारतातील इंग्रज प्रतिनिधी सर हेन्री डॅली यांनी त्यांना आश्रय दिला. मराठी राजदरबाराच्या नगरीतच ही कला बहरली, ही आपल्यासाठीही अभिमानाची गोष्ट होय.

त्या काळी छायाचित्रण हे केवळ कलेचे नव्हे, हमालीचेही काम होते. काचेच्या पट्टीवर कोलोडियनचा चिकट थर द्यायचा, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात बसवायची आणि थर सुकण्याच्या आत अंधाऱ्या तंबूत नेऊन तिच्यावरील चित्र प्रकट करायचे. म्हणजे जिथे चित्र, तिथे कॅमेऱ्यासोबत रसायनांच्या बाटल्या, काचा, पाणी आणि तंबू. पुढे कारखान्यात तयार केलेल्या कोरड्या काचपट्ट्या मिळू लागल्या आणि हे ओझे हलके झाले. सर लेपेल ग्रिफिन यांच्यासमवेत दीनदयाळांनी बुंदेलखंडाचा प्रवास केला. ग्वाल्हेर, ओरछा, खजुराहो, सांची येथील वास्तूंची ८६ छायाचित्रे १८८६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. आराखडे काढलेल्या हाताची शिस्त त्या चित्रांत दिसते. खांब सरळ उभा असतो, सावली योग्य जागी पडते आणि शेजारी एखादा माणूस उभा केला असेल तर वास्तूची उंची मोजता यावी म्हणून.

नंतरची त्यांची वाटचाल एखाद्या यशस्वी पेढीच्या विस्तारासारखी आहे. १८८५ मध्ये ते व्हाइसरॉयचे छायाचित्रकार झाले. इंदूरनंतर सिकंदराबादेत आणि १८९६ मध्ये मुंबईत त्यांनी छायाचित्रगृह उघडले. पडदानशीन स्त्रियांसाठी सिकंदराबादेत १८९२ मध्ये स्वतंत्र छायाचित्रगृह सुरू केले आणि ते एका इंग्रज बाईंच्या हाती सोपवले. ग्राहकाचा संकोच ओळखून व्यवसायाची घडी बदलणारा हा माणूस खरा व्यापारी होता. हैदराबादच्या सहाव्या निजामाने त्यांना ‘राजा बहादूर मुसव्विर जंग’ हा किताब दिला. मुसव्विर म्हणजे चित्रकार. १८९७ मध्ये राणी व्हिक्टोरियाचे राजपत्र मिळाले. हैदराबादचा चारमिनार, वेरूळची लेणी, राजवाडे, लष्करी छावण्या, दुष्काळ निवारणाची कामे अशा किती विषयांवर त्यांनी आपली काच रोखली. १९०५ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या २,८५७ काचपट्ट्या १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतल्या. २००६ मध्ये टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा हिंदुस्थान कसा दिसत होता, याचे उत्तर शोधणाऱ्याला आजही त्यांच्या दारात जावे लागते.

परंतु वाचकहो, या वैभवशाली संग्रहात एक चित्र असे आहे की त्यापुढे आपली नजर अडखळते. १९०२ च्या एप्रिल महिन्यात व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन निजामाच्या राज्यात, वारंगळच्या बाजूस शिकारीला गेले होते. त्या शिकारीची छायाचित्रे दीनदयाळांच्या कॅमेऱ्याने टिपली. पुढ्यात मारलेला वाघ आणि त्याच्यापाशी उभे असलेले कर्झन पती-पत्नी. दिवा लावताना पतंग जळू नये म्हणून जपणाऱ्या परंपरेतील घरात जन्मलेला माणूस त्या वाघासमोर कॅमेरा लावून उभा होता. त्यांना दोष देणे आज घरबसल्या सोपे आहे. दरबाराचा छायाचित्रकार दरबार जिथे जाईल तिथे जातो. शिवाय यंत्राचीही मर्यादा होती. अवजड कॅमेरा आणि मंद काच यांना समोरची वस्तू निश्चल हवी असे. मंदिर निश्चल असते, आसनावर बसवलेला राजा निश्चल राहतो. जंगलातला वाघ निश्चल सापडे तो बहुधा मेल्यावरच. म्हणून त्या काळच्या चित्रांत वाघ भेटतो तो कुणाच्या तरी पायाशी. आधी बंदुकीने टिपलेला आणि मागाहून कॅमेऱ्याने.

जिवंत वाघाचे चित्र घ्यायचे, तर माणसाने वाघाच्या मागे धावण्याऐवजी त्याची वाट पाहिली पाहिजे, हे ओळखले फ्रेडरिक वॉल्टर चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने. तो त्या वेळच्या संयुक्त प्रांतात, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेश-उत्तराखंडाच्या जंगलांत नोकरीला होता. वाघ रात्री ज्या पायवाटेने जातो तिच्यावर तो एक बारीक तार आडवी ताणून ठेवी. वाघाचा पाय तारेला लागला की प्रकाशाचा लोळ उठे आणि कॅमेऱ्याचे दार उघडून मिटे. माणूस तिथे नसेच. वाघ क्षणभर दचके आणि पुढे जाई. १९२५ मध्ये लंडनच्या एका प्रसिद्ध सचित्र साप्ताहिकात ही छायाचित्रे आली आणि १९२७ मध्ये त्याचे ‘विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात आणि चित्रांवरून वाघ ओळखता येतो, हेही त्याने दाखवून दिले. आज आमच्या नवेगाव–नागझिऱ्यासह देशभरच्या व्याघ्र प्रकल्पांत वाघांची गणती होते ती याच तत्त्वावर. तारेची जागा आता अदृश्य किरणांनी आणि उष्णता ओळखणाऱ्या यंत्रांनी घेतली आहे. कोणालाही न मारता, न पकडता वाघांची मोजदाद होते. आपल्या भाषेत सांगायचे तर कोठारातील माल न हलवता साठ्याची नोंद वहीत चढते.

या वाटेचा पुढचा टप्पा आपल्या महाराष्ट्रात, थेट मुंबई महानगरात आहे. मुंबईचे वन्यजीव छायाचित्रकार नयन खानोलकर यांच्या एका चित्राला २०१६ मध्ये लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमच्या जगप्रसिद्ध स्पर्धेत नागरी विभागाचा प्रथम पुरस्कार मिळाला. चित्र आरे वसाहतीतील आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या या भागात वारली समाजाची वस्ती आहे. रात्रीची वेळ, दोन्ही बाजूंना घरे, मधे अरुंद गल्ली, दिव्याचा पिवळसर उजेड आणि त्या उजेडात एक बिबट्या, आपल्याच कामात असलेल्या शेजाऱ्यासारखा निघालेला.

हे चित्र मिळवायला खानोलकरांना चार महिने लागले. त्यांनी सर्वप्रथम वस्तीतल्या लोकांना आपला हेतू पटवून दिला. बिबट्या कधी येतो, कुठून वळतो, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? मग त्यांच्याच माहितीच्या आधारे जागा ठरली. गल्लीत नेहमी जसा उजेड असतो तसाच भासेल, अशा बेताने कृत्रिम प्रकाशाची योजना केली. कॅमेरा असा लावला की प्राणी साऱ्या चौकटीवर स्वार होऊ नये. घरेही दिसावीत आणि बिबट्याही. पुढे उरले ते वाट पाहणे. अखेर एका रात्री तो आला. कॅमेऱ्याचा आवाज झाला त्या दिशेने त्याने क्षणभर चौकशीच्या नजरेने पाहिले आणि तो चालता झाला.

हा बिबट्या म्हणजे केवळ सौंदर्याचा विषय नव्हे, हे खानोलकर जाणून होते. २००२ ते २००४ या काळात राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात बिबट्यांच्या हल्ल्यांत अनेक माणसे दगावली. इतर ठिकाणी पकडलेले बिबटे या उद्यानात आणून सोडले जात होते, तो हाच काळ. परक्या मुलखात सोडलेला बिबट्या बिथरतो आणि संघर्ष मिटण्याऐवजी वाढतो, ही गोष्ट पुढे अभ्यासकांनी दाखवून दिली. वारली माणसाने हे सारे पाहिले, सोसले आणि तरीही वाघोबाला देव मानणे सोडले नाही. त्यांच्या भिंतींवरील चित्रांत वाघ आहे, बिबट्या आहे. उद्यानाला खेटून उभ्या राहणाऱ्या उंच इमारतींतील रहिवाशांनी हे शेजारधर्माचे शहाणपण त्यांच्याकडून शिकावे, अशी खानोलकरांची इच्छा आहे.

याच स्पर्धेतील आणखी एक प्रसंग आपल्या व्यापारी वाचकांनी ध्यानी ठेवण्याजोगा आहे. २००९ मध्ये पहिला आलेला फाटकावरून झेप घेणारा लांडगा पाळीव, शिकवलेला असावा असा संशय परीक्षकांना आला आणि २०१० च्या जानेवारीत तो पुरस्कार काढून घेण्यात आला. चित्रात उणे काही नव्हते. लांडगा उत्तम, झेप उत्तम, प्रकाश उत्तम. उणे होती ती साख. माल कितीही चोख दिसो, तो कोणत्या मार्गाने आला हे ज्याला सांगता येत नाही त्याची पत बाजारात टिकत नाही. छायाचित्रालाही तोच न्याय लागू आहे.

आरेतील ती गल्ली मुंबईची असली, तरी तिचा प्रश्न आमच्या दाराशीही आहे. आमची दिघोरी लाखांदूर तालुक्यात, भंडारा जिल्ह्याच्या दक्षिण भागात आहे. चहूकडे धानाच्या बांध्या, मधे मधे बोड्या आणि मामा तलाव, पूर्वेला नवेगावचे जंगल, पश्चिमेला उमरेड–पवनी–कऱ्हांडला अभयारण्य. ही दोन्ही जंगले नकाशावर वेगळी रंगवलेली असली तरी वाघाला ती रेघ दिसत नाही. नागझिऱ्यात जन्मलेला ‘जय’ नावाचा वाघ २०१३ मध्ये चालत चालत कऱ्हांडल्यात गेला. त्याचा मार्ग शेतशिवारांतून, गावांना वळसे घालीत, नाले ओलांडीतच गेला असणार. तिकडे तो इतका प्रसिद्ध झाला की त्याचे चित्र घेण्यासाठी दुरून दुरून लोक येत. २०१६ च्या एप्रिलनंतर तो कोणालाच दिसला नाही. त्याचा वंशज असलेला ‘श्रीनिवास’ हा वाघ एका वर्षाने, २०१७ च्या एप्रिलमध्ये चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडच्या बाजूला मृतावस्थेत सापडला. शेताच्या कुंपणात सोडलेल्या विजेच्या तारेने त्याचा जीव घेतला होता.

वाचकहो, येथे क्षणभर थांबून विचार करावा. चॅम्पियनने वाघाच्या वाटेवर तार ताणली होती आणि शेतकऱ्यानेही तारच ताणली होती. दोन्ही ठिकाणी रात्र होती, माणूस दूर होता आणि तारेला पाय लावणारा जीव अजाण होता. एका तारेने चित्र टिपले, दुसरीने प्राण टिपला. तारेत प्रकाश जोडायचा की मृत्यू, हे तार ठरवीत नाही.

शेतकऱ्याला खलनायक ठरवून मोकळे होणे अन्यायाचे होईल. लोंबीवर आलेला धान रानडुकरांचा कळप एका रात्रीत आडवा करतो. वर्षभराचे कष्ट, सोसायटीचे कर्ज, आपल्याच दुकानातून नेलेल्या खताची उधारी, सारे त्या एका बांधीत उभे असते. रात्र रात्र मचाणावर जागणारा माणूस थकतो आणि थेट वीजवाहिनीवर आकडा टाकून कुंपणात प्रवाह सोडतो. मग डुकराऐवजी वाघ मरतो. कधी पहाटे बांधावरून जाणारा शेजारी मरतो, कधी स्वतः तार लावणाराच. मोहफुले वेचायला आणि तेंदूपाने तोडायला जंगलात जाणारी माणसे वाघाच्या हल्ल्यात जातात, हेही आपल्या जिल्ह्याचे दुःख आहे. गादीवर बसून सहजीवनाचा उपदेश करणाऱ्याला त्याची किंमत द्यावी लागत नाही. ती देतो तो शेतकरी आणि तो मजूर. म्हणून उपदेश त्यांना नको. त्यांच्याशी रोज व्यवहार करणाऱ्या आपल्या घरांनी आधी स्वतःकडे पाहावे.

ती तार कुठल्या तरी दुकानातूनच जाते. हार्डवेअरचा, कृषी केंद्राचा, विजेच्या सामानाचा व्यापार आपल्यापैकी अनेकांचा आहे. लोखंडी तार विकणे हा गुन्हा नाही. ती मांडवालाही लागते आणि भाजीच्या वेलालाही. पण भंडारा-गोंदियाच्या मुलखात धान पिकण्याच्या सुमारास किलोकिलोने नेली जाणारी तार कशासाठी जाते, याचा अंदाज जुन्या दुकानदाराला नसतो असे नाही. त्याच फळीवर झटका मशीनही ठेवता येते. बॅटरीवर किंवा सौरऊर्जेवर चालणाऱ्या या यंत्राचा प्रवाह थांबून थांबून, क्षणमात्र येतो. त्याने जनावर बिचकून मागे फिरते, मरत नाही. सौर कुंपणासाठी शासनाच्या योजनेतून अनुदान मिळते आणि वन्यप्राण्यांनी केलेल्या पिकाच्या नासाडीची भरपाई वनविभागाकडून मिळते. परंतु अर्ज, सातबारा आणि पंचनामा यांच्या चक्रात शेतकरी अडकतो. कागदपत्रांची सवय असलेल्या आपल्या घरातील एखाद्या सुशिक्षित मुलाने वा सुनेने दुकानाच्या एका कोपऱ्यात बसून हे अर्ज भरून दिले, तर त्यात आपले काय जाणार? आणि ज्याची बांधी खरोखर डुकरांनी नेली त्याची उधारी एक हंगाम पुढे ढकलली, तर तीही एक प्रकारे जीवदयाच होय.

दुसरी गोष्ट घरातील तरुणांची. वाढदिवसाला भारी कॅमेरा आणि लांब पल्ल्याची भिंग घेऊन देण्याची ऐपत आज पुष्कळ घरांत आहे आणि त्यात गैर काही नाही. दीनदयाळांच्या कुळातला हा छंद आपल्या मुलांनी जरूर जोपासावा. मात्र त्यासोबत काही मर्यादाही द्याव्यात. सफारीत चालकाला ‘अजून जवळ घ्या’ असा आग्रह करू नये. घरट्यावर बसलेल्या पक्ष्याचे चित्र घेऊ नये, कारण आई उडून गेली की अंडी उन्हात उघडी पडतात. सारस पक्षी आज महाराष्ट्रात मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात आणि लगतच्या पट्ट्यात उरला आहे आणि तो धानाच्या बांधीतही घरटे करतो. अशा घरट्याचा ठावठिकाणा मोबाईलवरून चारचौघांत पसरवणे म्हणजे तिथे जत्रा भरवणे. आणि कोणाच्या शेतात, कोणाच्या वस्तीत पाऊल टाकायचे असेल तर खानोलकरांनी वारली बांधवांना विचारले तसे आधी विचारावे.

दीनदयाळांच्या संग्रहातील मारलेला वाघ आणि आरेच्या गल्लीतील चालता बिबट्या यांच्यामध्ये ११४ वर्षांचे अंतर आहे. या काळात यंत्र सुधारले, हे खरे. परंतु त्याहून मोठा बदल कॅमेऱ्यामागच्या माणसात झाला. त्याने चौकटीतली मध्यवर्ती जागा सोडली, घाई सोडली आणि समोरच्या जिवाला आपल्या वाटेने जाऊ दिले. हा बदल छायाचित्रकारापुरताच राहावा असे नाही.

आता धान लोंबीवर येईल. दसरा-दिवाळीच्या आधीच्या त्या दिवसांत कोणी संध्याकाळी घाईने दुकानात येऊन तार मागेल. वजन करण्याआधी त्याला इतकेच विचारावे, “भाऊ, कशासाठी पाहिजे?” आणि त्याने खरे सांगितले, तर त्याला बसवून घ्यावे, पाणी द्यावे आणि झटका मशीनचा हिशेब त्याच्यासमोर मांडावा, उधारीसकट.